सांत्वन पावेना

1999 सालचा जानेवारी, तारीख 24, रविवार. आमच्या देवळाची, म्हणजे चर्चची, पहिली घंटा होऊन गेली होती आणि पप्पा अजून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. एका पायात बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यात, गुडघ्यावर पेपर. आमच्या नगरच्या घरी रविवारी सकाळी पेपर कुणी उघडत नसे. उपासना झाली, जेवणं झाली की मग दुपारी तो निवांत वाचायचा, असा शिरस्ता. आई आतून दोनदा म्हणाली, "अहो, उशीर होतोय." पप्पा हलले नाहीत. उंबऱ्यावर माझा सहा वर्षांचा भाऊ बुटाची नाडी स्वतःच बांधायचा हट्ट धरून बसला होता, आणि पप्पा एकदा पेपराकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

बातमी ओरिसातली होती. केओंझर जिल्ह्यात मनोहरपूर नावाचं आदिवासी गाव. तिथल्या छोट्या चर्चसमोर उभ्या केलेल्या स्टेशन वॅगनमध्ये ग्रॅहम स्टेन्स नावाचे ऑस्ट्रेलियन मिशनरी आपल्या दोन मुलांना घेऊन झोपले होते. 22 तारखेच्या मध्यरात्रीनंतर जमाव आला. गाडीखाली पेंढा सारून ती पेटवून दिली. बाहेर पडू पाहणाऱ्यांना बाहेर पडू दिलं नाही, मदतीला धावलेल्या गावकऱ्यांना जवळ येऊ दिलं नाही. फिलिप दहा वर्षांचा होता आणि टिमथी सहा.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. त्या मुलांची मोठी बहीण एस्थर, तीही तेराच वर्षांची, हे मला नंतरच्या आठवड्यात कळलं, आणि ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

त्या सकाळी आम्ही उशिरा पोचलो. पाळकसाहेबांनी त्या रविवारचा नेमलेला पाठ बाजूला ठेवला होता. त्यांचा आवाज कापत होता, तो खोटा नव्हता, हे मला आजही सांगायचं आहे. ते म्हणाले, हुतात्म्यांचं रक्त हे मंडळीचं, म्हणजे चर्चचं, बी आहे. चर्चच्या पहिल्या शतकांपासून चालत आलेलं वाक्य. देवळातून "आमेन" उमटलं. माझ्या शेजारी आत्या बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते. गीत सुरू झालं तेव्हा ती सगळ्यांबरोबर उभी राहिली, पुस्तक उघडं धरलं, पण गायली नाही. आत्याचा आवाज मंडळीत सगळ्यांना ओळखू यायचा. ती गात नाहीये हे मागच्या बाकांवरच्या बायकांनाही कळलं असणार.

घरी येताना मी विचारलं, "आत्या, तू गायली का नाहीस?" ती म्हणाली, "सहा वर्षांच्या लेकराचं बी कसलं गं करता?"

एवढंच. पुढे सगळा रस्ता ती काही बोलली नाही.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात तिने तीसएक वर्षं नर्स म्हणून काढली. म्हणून स्टेन्स हे नाव आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा आलं असलं, तरी त्या माणसाचं काम आम्हाला परकं नव्हतं. 1965 साली ते ओरिसातल्या बारीपदाला आले आणि मयूरभंजच्या कुष्ठरोग आश्रमात राहिले. ओडिया बोलायचे, संथाळी बोलायचे. नुकतीच 18 जानेवारीला त्यांना 58 वर्षं पूर्ण झाली होती. मनोहरपूरला ते दरवर्षी भरणाऱ्या जंगल कॅम्पसाठी गेले होते. आसपासच्या पाड्यांवरचे ख्रिस्ती लोक तिथे चार दिवस जमायचे, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल शिकायचे, गायचे. थंडी होती म्हणून बापलेक गाडीत झोपले.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस होते, त्यांच्या हातात तिळगुळाची वाटी होती. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "वाचलं मी. लहान मुलं हो…" आणि पुढे त्यांना बोलता येईना. आईने त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. दहा मिनिटं सगळे बसून होते. जाताना काकूंनी ती वाटी पुढे केली नाही, तशीच पदराखाली घेऊन परत गेल्या. त्या दिवशी "गोड बोला" म्हणणं त्यांना जमलं नाही. सांत्वनाला आलेल्या माणसांत मला आजही सगळ्यात आधी त्याच आठवतात.

यावर मी इतकी वर्षं काही लिहिलं नाही. लिहायला बसलं की हात आपोआप क्षमेकडे वळायचा. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, ही गोष्ट सगळ्या देशाला माहीत आहे. आमच्या मंडळ्यांमध्ये तर ती इतक्या वेळा सांगितली गेली की, मूळ घटना मागे पडली आणि क्षमा तेवढी पुढे उरली. युवक संघाच्या शिबिरात, उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) संदेशात, रविवारच्या शाळेतल्या मुलांना सांगायच्या गोष्टीत, सगळीकडे. गोष्ट त्या बाईंच्या "मी क्षमा केली" या वाक्यावर संपायची आणि ऐकणारा हलका होऊन घरी जायचा. मीही तशीच घरी जायचे. हे हलकं होणं मला आता खटकतं. क्षमा त्या बाईंनी केली. हलकं व्हायचा हक्क आम्हाला कुणी दिला?

आणि ज्या प्रश्नाने त्या रविवारी पप्पांना एका पायात बूट घालून बसवून ठेवलं, तो प्रश्न क्षमेने सुटत नाही. क्षमा म्हणजे मारणाऱ्याशी काय करायचं याचं उत्तर. देवाशी काय करायचं, हा प्रश्न वेगळा आहे. देव चांगला आहे, देव सर्वसमर्थ आहे, आणि त्या रात्री मनोहरपुरात गाडी पेटली. ही तीन वाक्यं मी एका श्वासात म्हणू शकत नाही. आणि ख्रिस्ती माणूस म्हणून यातलं एकही सोडून देऊ शकत नाही.

पुढे कॉलेजात आणि नंतरही मी याची उत्तरं बरीच वाचली. संत ऑगस्टिन म्हणतात, वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे, जसा अंधार म्हणजे उजेड नसणं. आणि वाईट येतं ते माणसाच्या इच्छास्वातंत्र्यातून. देवाने आपल्याला कळसूत्री बाहुल्या केलं नाही. प्रेम करायची मोकळीक दिली, म्हणजे द्वेषाचीही मोकळीक आलीच. त्यांच्याही आधीचे बिशप आयरेनियस म्हणतात, हे जग म्हणजे आत्मा घडवायची जागा, सोसूनच माणूस पिकतो. विसाव्या शतकात अमेरिकन तत्त्वज्ञ आल्विन प्लान्टिंगा यांनी इच्छास्वातंत्र्याचा मुद्दा तर्काच्या इतक्या काटेकोर भाषेत मांडला की, देव आणि वाईट एकत्र असूच शकत नाहीत हा जुना दावा पुष्कळ नास्तिक तत्त्वज्ञांनीही मागे घेतला.

ही उत्तरं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. मारणाऱ्यांना स्वातंत्र्य होतं, हे खरंच आहे. पण झोपलेल्या मुलाचंही स्वातंत्र्य होतं. त्याला सकाळी उठायचं होतं. एकाची इच्छा काडी ओढेपर्यंत मोकळी राहिली आणि दुसऱ्याची इच्छा काचेच्या आतच संपली. इच्छास्वातंत्र्याच्या हिशेबात ही दुसरी इच्छा कुठे मांडतात, ते मला कुठल्याच पानावर सापडलं नाही. सोसून आत्मा घडतो म्हणावं, तर सहाव्या वर्षी संपलेल्या आयुष्यात घडायला वेळ तरी कुठे होता? प्लान्टिंगा यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की, मनात वादळ उठलेल्या माणसाला अशा युक्तिवादाने फारसा धीर मिळणार नाही, तो त्यासाठी नाहीच. हे वाचलं तेव्हा त्यांच्याबद्दल आदर वाटला. आपलं औषध कुठे चालत नाही, हे सांगणारा डॉक्टर भेटल्यासारखं झालं.

मग आमच्या घरचं एक उत्तर होतं. ते आत्याच्या दवाखान्यातून आलेलं.

सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायचे, तेव्हा संध्याकाळी पाय तपासायचा कार्यक्रम असायचा. पत्र्याच्या घमेल्यात पाणी, त्यात पेशंटचे पाय वीस मिनिटं. मग खरबरीत दगडाने टाचेची जाड कातडी घासायची आणि पाय पूर्ण वाळायच्या आत तेल लावायचं. आत्या जमिनीवर बसायची, पाय आपल्या मांडीवर घ्यायची आणि तळव्यावर पालथा हात फिरवायची. कुठे गरम लागतंय का, ते बघायला. बधिर पायात काटा मोडलेला असला, खडा रुतलेला असला, तरी माणसाला कळत नाही. तो त्याच पायावर दोन मैल चालून येतो. आतून काही बिघडतंय, याची एवढी एकच खूण असते, तेवढी जागा किंचित गरम लागते. चप्पलही उलटी करून बघायची. एकदा एका आजोबांच्या चपलेतून आत्याने चुकेचं, म्हणजे बारीक खिळ्याचं, टोक काढलेलं मला आठवतं. खालून आरपार घुसलेलं. आजोबा दिवसभर त्याच्यावर चालले होते आणि आता आत्याकडे बघून हसत होते.

कुष्ठरोगाने बोटं झडतात असा सगळ्यांचा समज असतो. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाच्या डॉक्टरांनी 1946 नंतरच्या वर्षांत दाखवून दिलं की, बोटं रोगाने गळत नाहीत, ती जातात दुखत नाही म्हणून. गरम पातेलं उचललं तरी हात मागे येत नाही. रात्री झोपेत उंदराने बोट कुरतडलं तरी जाग येत नाही. म्हणून पेशंट घरी जाताना त्याच्याबरोबर मांजर द्यायची पद्धत त्यांनी सुरू केली. वेदना ही देवाची देणगी आहे, असं ते म्हणत. आत्या हे फार मानायची. दुखतंय म्हणजे तुझं चांगलं चाललंय बाई, असं ती मला गुडघा फुटला की सांगायची.

कितीतरी वर्षं हे उत्तर मला पुरलं. विस्तवावरून हात मागे यावा म्हणून चटका बसतो, यात देवाची दया दिसते. पण ज्याला हात मागे घ्यायला जागाच ठेवलेली नाही, त्याच्या चटक्याचं काय? ते तिघं एकमेकांना बिलगलेले सापडले, असं तेव्हा पेपरात आलं होतं. मी एकदा आत्याला हे विचारलं. मी कॉलेजात होते, वाद घालायच्या वयातली. ती घमेलं पालथं घालत होती. म्हणाली, "नाही पुरत तिथं. मला माहितंय." आणि घमेलं भिंतीला टेकवून ठेवलं.

तिचं एक मोठेपण मला उशिरा कळलं. जे उत्तर जिथे पुरत नाही, तिथे ती ते ताणत नसे.

आमच्या लोकांत मयताच्या घरी म्हणायचं एक ठरलेलं वचन आहे. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. रोमकरांस पत्र, आठवा अध्याय. शंभरातल्या नव्वद सांत्वनाच्या सभांत ते वाचलं जातं. आत्या म्हणायची, हे वचन स्वतःच्या घरात बसून म्हणायचं असतं, दुसऱ्याच्या दारात नाही. प्रेषित पौलाने ते लिहिलं, तेव्हा त्याने स्वतः फटके खाल्ले होते, तुरुंग पाहिला होता. ज्याने खाल्ले त्याने म्हणावं.

पवित्र शास्त्र खरं तर आपल्यापेक्षा खूप जास्त धीराचं आहे. जुन्या करारातल्या ईयोब नावाच्या नीतिमान माणसाची मुलं मेली, गुरंढोरं गेली, अंगाला फोड आले, तेव्हा त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. तेवढेच दिवस ते खरे मित्र होते. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. तू काहीतरी पाप केलं असशील, देव न्यायी आहे, तो उगाच कुणाला मारत नाही. कितीतरी अध्याय हे चालतं. ईयोब उलट देवालाच जाब विचारत राहतो, कधी कधी फार कडू बोलतो. आणि शेवटी देव काय म्हणतो? मित्रांवर रागावतो. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला, तसं तुम्ही बोलला नाही, म्हणतो. देवाची वकिली करणाऱ्यांना देवाने वकीलपत्र दिलंच नव्हतं.

येशूलाही लोकांनी हाच प्रश्न विचारला होता. रोमी सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करत असतानाच मारलं होतं, त्याची बातमी त्याच्याकडे आली. त्याने स्वतःहून दुसरीही आठवण काढली. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं दगावली होती. एकीकडे माणसाच्या हातून झालेलं, दुसरीकडे नुसता अपघात. हे लोक इतरांपेक्षा जास्त पापी होते, असं वाटतं का तुम्हाला? मी सांगतो, नाही. मेलेल्यांच्या माथी काही मारायला तो साफ नकार देतो आणि वळून ऐकणाऱ्यांकडे बघतो, तुमचं काय ते बघा, म्हणतो. का झालं हे मात्र तो सांगत नाही. मला आधी याचा राग यायचा. सांगायला काय हरकत होती?

आणि मग तोच वधस्तंभावरून ओरडतो. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आम्ही दर उत्तम शुक्रवारी हे वाक्य सात उद्गारांतला चौथा उद्गार म्हणून ऐकतो, त्यावर कुणीतरी वीस मिनिटं संदेश देतं. पण ते वाक्य प्रश्न आहे, आणि त्याला वरून उत्तर आलेलं नाही. माझ्या श्रद्धेचा सगळ्यात आतला गाभा विचाराल, तर तो हाच. ज्याला मी देव म्हणते, त्याच्या तोंडी "का" हा शब्द आहे. मग मी तो गिळून का टाकायचा?

यात तुकोबांच्या मराठीत वाढलेल्या माणसाला नवल वाटायला नको. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, तो माणूस विठ्ठलाशी भांडला, त्याला नाही नाही ते बोलला, आणि त्यालाच धरून राहिला. नगरच्या ख्रिस्ती माणसाच्या कानावर हे अभंग लहानपणापासून पडतात. देवाशी भांडायची भाषा आपल्याकडे आहे. आम्ही देवळात शिरताना ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो, असं मला कधी कधी वाटतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात नाताळाच्या गोष्टीला लागूनच एक उतारा आहे. नाताळच्या कार्यक्रमात मुलांना मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, करतात, मेंढपाळ करतात, हेरोदही करतात, पण हा उतारा कुणी करून दाखवत नाही. हेरोद राजाने बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान सगळी मुलं मारून टाकली. मत्तय तिथे जुन्या करारातल्या यिर्मयाचे शब्द आणतो. रडणं आणि मोठा आकांत ऐकू आला. राहेल आपल्या मुलांसाठी रडत होती. ती नाहीत, म्हणून ती सांत्वन पावेना.

सांत्वन पावेना. हे दोन शब्द मी कितीतरी वेळा वाचले असतील, पण थांबले पहिल्यांदा आत्यामुळे. ती म्हणाली, बघ, तिला कुणी रागावलेलं नाही. मत्तयाला तिथे पुढची ओळ घालता आली असती. यिर्मयात ती ओळ आहे, तिथे परमेश्वर तिला म्हणतो, रडं आवर, तुझी मुलं परत येतील. मत्तयाने ती घेतली नाही. बेथलेहेमच्या मुलांच्या बाबतीत ती त्याला घ्यावीशी वाटली नसावी. पश्चिमेतल्या चर्चमध्ये त्या मुलांचा दिवस 28 डिसेंबरला पाळतात, नाताळनंतर तिसऱ्या दिवशी, घरात अजून करंज्या शिल्लक असतात तेव्हा.

ग्लॅडिस स्टेन्स यांच्याबद्दल मला जे सांगायचं आहे, ते इथून पुढे.

घटनेनंतर न्यायमूर्ती वाधवा यांचा आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यातला क्षमेचा भाग सगळीकडे छापून आला. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी हे माझ्या मनात नाही, त्यांना पश्चात्ताप व्हावा, ते सुधारावेत, अशा अर्थाचा. पण त्याच्या आधी आणखी एक वाक्य आहे. देव सतत माझ्याबरोबर आहे, असं म्हणून त्या पुढे म्हणतात की, तरी कधी कधी मला वाटतं, ग्रॅहमला का मारलं असेल? आणि त्या रात्री मारणारे इतके क्रूर का झाले असतील?

हे वाक्य आमच्या मंडळीत मी कधीच ऐकलं नाही. क्षमा ऐकली, "का" ऐकला नाही. त्या बाईंनी दोन्ही एकाच कागदावर लिहिलं होतं. देव बरोबर आहे, हेही लिहिलं होतं आणि मला प्रश्न पडतो, हेही. आम्ही त्यातला सोयीचा तुकडा कापून घेतला. पंचवीसेक वर्षांनी मला याची लाज वाटते, म्हणून मी लिहायला बसले.

त्या 2004पर्यंत बारीपदातच राहिल्या. त्याच माणसांची शुश्रूषा करत, त्याच घरात. पतीच्या नावाचा दवाखाना तिथे उभा राहिला. 2005 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. खटला चालत राहिला. खालच्या कोर्टाने 2003 साली मुख्य आरोपी दारासिंगला फाशीची शिक्षा सुनावली, 2005 साली हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांना सोडलं, सुप्रीम कोर्टाने 21 जानेवारी 2011 रोजी जन्मठेप कायम केली. एप्रिल 2025मध्ये दोन दोषींपैकी एकजण चांगल्या वागणुकीमुळे मुदतीआधी सुटला. त्याला हार घातले गेले, असं बातमीत होतं. ती बातमी वाचताना माझ्या मनात क्षमा नव्हती, हे मला कबूल केलं पाहिजे. मला तो पेंढा दिसत होता. आणि तेव्हा समजलं की, इतकी वर्षं मी दुसऱ्या बाईच्या क्षमेवर जगत होते, माझी स्वतःची अशी काही कमाई नव्हती.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण "ते" आणि "आपण" असं होऊन बसेल. 1994 साली रवांडात लोक जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले आणि चर्चमध्येच हजारोंनी मारले गेले. मरणारे ख्रिस्ती, मारणारेही बहुतेक ख्रिस्ती, एकाच देवळात बाप्तिस्मा झालेले. वाईट कुठून येतं, या प्रश्नाला कुठल्याच धर्माची वेस नाही. राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी मनोहरपूरच्या घटनेची गणना जगातल्या काळ्या कृत्यांत केली होती. त्या यादीत आमच्या बाजूचीही पानं आहेत.

आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. झोपेत, शांतपणे. तिच्या वस्तू आवरताना तिचं पवित्र शास्त्र माझ्याकडे आलं. काळ्या रेक्झिनचं, पाठीला तिनेच चिकटपट्टी लावलेली. आमच्यात लोक शास्त्रात पुष्कळ काही लिहून ठेवतात, संदेशाचे मुद्दे, जन्म, लग्नं. आत्याने काही लिहिलं नव्हतं. फक्त स्तोत्रसंहितेत एका ठिकाणी समासात पेन्सिलीने तारखा होत्या, एकाखाली एक. 88वं स्तोत्र. शास्त्रातल्या बहुतेक विलापांच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशेची ओळ येते, तेराव्या स्तोत्रात "कोठवर?" म्हणून सुरुवात होते आणि शेवटी तो गायला लागतो. 88व्यात तसं काही येत नाही. ते अंधारात संपतं. तरीही ते शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही.

पहिली तारीख 30-9-93. किल्लारी. भूकंपानंतर ती वैद्यकीय पथकाबरोबर गेली होती. परत आल्यावर आठ दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती, एवढं मला आठवतं. किल्लारीत मारणारं कुणी नव्हतं, विसर्जनाच्या रात्रीचे दमलेले लोक घरात झोपले होते आणि पहाटे दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. मनोहरपुरात मारणारे होते. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत या दोन्हींची प्रकरणं वेगळी असतात. आत्याच्या समासात ती एकाखाली एक होती. दुसरी तारीख 23-1-99. त्यानंतर आणखी चार. त्यांतली एक माझ्या आजीची. बाकीच्या तीन मी पप्पांना दाखवल्या. त्यांनाही ओळखू आल्या नाहीत. दवाखान्यातलं कुणी असेल, म्हणाले.

त्या 1999 सालच्या रविवारनंतरच्या सोमवारचं पप्पांनी तेव्हाच मला सांगितलं. त्यांनी दुपारी दवाखान्यात आत्याला डबा पोचवला होता. पेशंटांपर्यंत बातमी पोचलेली होती. बारीपदा कुठे आहे हे त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं, पण आपल्यासारख्यांचे पाय धुणारा माणूस पोरांसकट जाळला, एवढं पुरेसं होतं. ओसरीवर सगळे बसून होते, कुणी पाय पाण्यात घालेना. चपलेतल्या चुकेवर दिवसभर चाललेले ते आजोबा म्हणाले, "शिस्टर, तुमचा देव कुठं होता वो त्या राती?"

आत्याने घमेलं त्यांच्यासमोर ओढलं. पप्पा म्हणाले, ती रडत होती आणि तिने डोळे पुसले नाहीत.

"मला नाही माहीत, बाबा," ती म्हणाली. "पाय द्या इकडं."